लाजाळूलाही भूल चढते

पॅरिसमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी लाजाळूचं एक रोप काचेच्या मोठ्या हंडीखाली ठेवलं. सोबत इथरमध्ये भिजवलेला स्पंज ठेवला. काही वेळानं हंडी काढून त्यांनी पानांना बोट लावलं, पण पानं मिटली नाहीत. पुन्हा लावलं, तरी नाही. रोप मेलेलं नव्हतं, कोमेजलंही नव्हतं. मोकळ्या हवेत काही काळ राहिल्यावर ते पूर्वीसारखं लाजू लागलं. मग त्यांनी अळीव घेतले. अळीव एरवी एका रात्रीत कोंब काढतात. इथरच्या वाफेत ठेवलेले अळीव ओले होऊनही तसेच पडून राहिले. वाफ निघून गेली आणि ते रुजायला लागले. १८७८ साली बर्नार वारले, त्याच वर्षी त्यांची ही व्याख्यानं पुस्तकरूपानं आली. त्यांचा निष्कर्ष धाडसी होता: जे जे जिवंत आहे, त्याला भूल देता येते.

पुढे आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनीही क्लोरोफॉर्मची वाफ देऊन वनस्पतींचे प्रतिसाद मंदावताना यंत्रावर नोंदवले. अलीकडे, २०१७ च्या सुमारास, जर्मनी, जपान आणि इटलीतल्या संशोधकांनी माश्या पकडणारी व्हीनस फ्लायट्रॅप ही वनस्पती इथरमध्ये ठेवली. तिच्या आतल्या केसांना स्पर्श केला, तरी सापळा बंद झाला नाही, कारण त्या स्पर्शानं उठणारा विजेचा संदेशच उमटला नाही.

लाजाळूला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. तरीही ज्या वाफेनं माणसाची शुद्ध हरपते त्याच वाफेनं तिची पानं मिटायची थांबतात. मग ही वाफ नेमकी कशाला हात घालते? हा प्रश्न मला आजच्या विज्ञानातल्या सर्वांत सुंदर प्रश्नांपैकी एक वाटतो. तो आकाशगंगांइतका दूरही नाही. तालुक्याच्या गावातल्या दहा खाटांच्या दवाखान्यात ॲपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, तेव्हा तो तिथे हजर असतो. नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असतात, आत भूलतज्ज्ञ सलाईनच्या नळीतून दुधासारखं पांढरं औषध सोडतात, अंक मोजायला सांगतात आणि दहाच्या आत कुठेतरी तो माणूस तिथे नसतो. देह असतो, नाडी चालू असते, पण ज्याला नाव आहे, ज्याला काळजी वाटत होती, तो नसतो. तासाभरानं तो परत येतो. तो गेला कुठे होता, आणि त्याला घालवणाऱ्या औषधानं नेमकं काय केलं, याचं पूर्ण उत्तर जगातल्या कोणत्याही विद्यापीठाकडे आजही नाही.

हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. इतकी रोजची गोष्ट, आणि तिचं मूळ माहीत नाही? पण माणसानं भूल शोधली ती समजून नव्हे, गरजेनं. ती गरज किती मोठी होती, हे आपण विसरून गेलो आहोत. इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांच्या स्तनावर १८११ साली पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली, ती संपूर्ण शुद्धीत. नेपोलियनच्या सैन्याचे नामांकित शल्यविशारद लारे शस्त्र चालवत होते. बर्नींनी नंतर बहिणीला त्याबद्दल सविस्तर पत्र लिहिलं. ते लिहायला त्यांना कित्येक महिने लागले. त्या काळी चांगला सर्जन म्हणजे वेगवान सर्जन. सुश्रुतसंहितेतही शस्त्रकर्माआधी वेदना न सोसणाऱ्या रोग्याला तीव्र मद्य पाजायला सांगितलं आहे. त्याहून फारसं अधिक काही हजारो वर्षं कुणाच्या हाती नव्हतं.

जपानमध्ये एका माणसाच्या हाती मात्र होतं. हानाओका सेइशू हे खेड्यात राहून काम करणारे वैद्य. त्यांनी धोत्रा आणि बचनाग ही मुख्य द्रव्यं घालून एक काढा तयार केला आणि १३ ऑक्टोबर १८०४ रोजी साठीच्या एका बाईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ पूर्ण भूल देऊन काढली. दोन्ही वनस्पती विषारी आहेत, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मात्रा ठरवायला त्यांना अनेक वर्षं लागली. त्यासाठी त्यांच्या आईनं आणि पत्नीनं स्वतःवर प्रयोग करू दिले आणि त्यात पत्नीची दृष्टी गेली, असं जपानमध्ये परंपरेनं सांगतात. जपानची दारं तेव्हा बाहेरच्या जगाला बंद होती, त्यामुळे ही विद्या तिथेच राहिली.

पश्चिमेकडे गोष्ट जवळ येऊन हुकत राहिली. हम्फ्री डेव्ही यांनी नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून पाहिला आणि १८०० सालीच लिहिलं की शस्त्रक्रियेत याचा उपयोग होऊ शकेल. ते वाक्य चार दशकं कुणी मनावर घेतलं नाही. लोक तो वायू जत्रांमध्ये आणि मेजवान्यांत हसण्यासाठी हुंगत राहिले. १८४२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात क्रॉफर्ड लाँग यांनी इथर देऊन एका तरुणाच्या मानेवरची गाठ काढली, पण ते छापलं १८४९ मध्ये. मधल्या काळात १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी सर्वांसमक्ष इथर दिला, सर्जन वॉरन यांनी रोग्याच्या मानेवरची गाठ कापली आणि रोगी ओरडला नाही. पुढच्याच वर्षी इथर कोलकात्यात पोचला होता. त्या काळच्या बोटींचा वेग लक्षात घेतला, तर ही बातमी किती आतुरतेनं धावली असेल, हे कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

भूल आणणाऱ्या द्रव्यांची यादी समोर ठेवली तर पहिल्यांदा गोंधळ होतो. इथर, क्लोरोफॉर्म, नायट्रस ऑक्साइड, आजचे सेव्होफ्लुरेन आणि प्रोपोफॉल. यांच्या रेणूंचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी दोन-तीन अणूंचा, कुणी बराच मोठा. औषधशास्त्रात सहसा रेणूचा आकार आणि त्याचं काम यांचं नातं असतं, इथे ते सापडत नाही. आणि यादीच्या शेवटी झेनॉन येतो. झेनॉन हा निष्क्रिय वायू. शाळेत आवर्तसारणीच्या उजव्या टोकाला आपण जो स्तंभ पाठ करतो, त्यातला हा एक. तो शरीरात कशाशीही रासायनिक बंध जोडत नाही, जसा आत जातो तसाच बाहेर येतो. आणि तरीही पुरेशा प्रमाणात हुंगवला की माणूस बेशुद्ध होतो. १९५१ मध्ये तो पहिल्यांदा शस्त्रक्रियेसाठी वापरला गेला. जो अणू कुणाशी काही देवघेव करत नाही, तो एका माणसाचं सगळं जग काही काळापुरतं पुसून टाकतो. मी या वाक्यापाशी दर वेळी थांबतो.

पहिला मोठा धागा ऑलिव्ह तेलानं दिला. १८९९ मध्ये हान्स मेयर यांना आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे चार्ल्स ओव्हर्टन यांना एकच गोष्ट दिसली: एखादं द्रव्य तेलात जितकं सहज विरघळतं, तितकी त्याची भूल प्रबळ. बेडकांच्या पिल्लांवर हे पाहिलं होतं. नियम इतका नेमका निघाला की अशक्त नायट्रस ऑक्साइडपासून अतिप्रबळ द्रव्यांपर्यंत सगळी एका सरळ रेषेवर येऊन बसली. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. भूल त्या पडद्यात विरघळते, पडदा सैलावतो आणि पेशीचं काम बिघडतं, असं उत्तर तयार झालं. ते सोपं होतं, लाजाळूलाही लागू पडत होतं, आणि जवळजवळ ८० वर्षं टिकलं.

मग त्यात खोट दिसू लागली. भुलीच्या मात्रेनं पडदा जेवढा सैलावतो तेवढा तो अंगात थोडा ताप चढल्यानंही सैलावतो. पण तापानं माणूस ऑपरेशनच्या टेबलावर निजवण्याजोगा होत नाही. १९८४ मध्ये लंडनमधल्या निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याच्या शरीरातलं प्रकाश निर्माण करणारं प्रथिन घेतलं. ल्युसिफरेज त्याचं नाव. पाण्यात विरघळलेलं शुद्ध प्रथिन, आसपास स्निग्ध पडद्याचा मागमूस नाही. त्यात भूलद्रव्यं मिसळली तेव्हा काजव्याचा उजेड मंदावला. जे द्रव्य ज्या मात्रेत प्राण्याला भूल आणतं, साधारण त्याच मात्रेत ते हा उजेड विझवत होतं. म्हणजे पडद्याची गरजच नव्हती. भूलद्रव्यं सरळ प्रथिनांच्या पोकळ्यांत शिरून बसू शकतात, हे दिसलं. जूनच्या तोंडावर सह्याद्रीत झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. आपल्या शुद्ध हरपण्याचा एक पुरावा त्याच उजेडातून आला आहे, हे किती लोकांना माहीत असेल?

त्यानंतर मेंदूतली प्रथिनं एकेक करून सापडू लागली. मेंदूत चेतापेशींना शांत करणारा एक संदेशवाहक रेणू आहे, गाबा. तो ज्या प्रथिनावर बसतो, त्याच प्रथिनावर दुसऱ्या जागी प्रोपोफॉल बसतं आणि गाबाचा परिणाम वाढवतं. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले की त्यांच्या या प्रथिनाच्या शेकडो दुव्यांपैकी एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. त्या उंदरांवर प्रोपोफॉलचा असर फारच कमी झाला. एका दुव्याची ही किंमत! वाटलं, कोडं सुटलं. पण झेनॉन आणि केटामाइन ही भूलद्रव्यं गाबाच्या वाटेला फारशी जातच नाहीत, त्यांचं ठिकाण वेगळं आहे. आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं की काही भूलद्रव्यं पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूंची मांडणी विस्कटतात आणि त्यातूनच पुढची साखळी सुरू होते. ८० वर्षं राज्य करून पायउतार झालेला पडदा नव्या रूपात परत आला. माझं मत असं की भुलीला एक दार नसावं. शुद्ध ही इतक्या गोष्टींच्या आधारावर उभी असते की त्यातली कोणतीही काढली तरी ती कोसळते. पण हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

इथवर प्रश्न रसायनाचा होता. पुढे तो अवघड होतो, कारण पुढे विचारावं लागतं की भूल चढली, हे ओळखायचं कसं.

१९६५ मध्ये भुलीच्या वाफांची ताकद मोजण्याचं एक माप ठरलं. त्वचेवर चिरा देताना निम्मे रोगी हलत नाहीत, अशी वाफेची मात्रा. हे माप फार उपयोगी आहे आणि आजही वापरलं जातं. वयानुसार ते दर दशकाला सुमारे ६ टक्क्यांनी उतरतं, इतकं ते बारकाईनं ठाऊक आहे. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की न हलणं म्हणजे मेंदू झोपणं. १९९३ मध्ये दोन प्रयोगांनी हे गृहीतक उलटून टाकलं. उंदरांमध्ये मेंदूचा मोठा भाग काढून टाकल्यावरही तेवढीच मात्रा लागली. बकऱ्यांमध्ये भूल फक्त मेंदूच्या रक्तप्रवाहात सोडली, तेव्हा त्यांना निश्चल करायला दुपटीहून जास्त मात्रा लागली. निश्चलता मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत ठरत होती. जे माप आपण इतकी वर्षं शुद्धीचं मानत होतो, ते बहुतांशी मज्जारज्जूचं निघालं.

मग शुद्धीला विचारायचं कसं? ब्रिटनमधल्या एका भूलतज्ज्ञानं, मायकल टन्स्टॉल यांनी, १९७७ मध्ये फार साधी युक्ती काढली. शस्त्रक्रियेत भुलीबरोबर स्नायू सैल करणारं वेगळं औषधही देतात, कुरारे या जुन्या विषाच्या वंशातलं. त्यामुळे रोगी जागा असला तरी बोट हलवू शकत नाही. टन्स्टॉल यांनी हे औषध देण्याआधी एका दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा घट्ट आवळला. औषध सगळ्या अंगात गेलं, त्या हातात गेलं नाही. तो एक हात बोलण्यासाठी मोकळा राहिला. मग रोग्याच्या कानाशी म्हणायचं: ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.

काही जण हात दाबतात.

ज्यांचे डोळे मिटले आहेत, ज्यांना भूल चढली असं सगळी यंत्रं सांगत आहेत, त्यांच्यातल्या काहींचा हात हलतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या २६० रोग्यांच्या अभ्यासात, श्वासनळीत नळी घातल्यानंतर सुमारे ४.६ टक्के रोग्यांनी असं उत्तर दिलं. दुखत असेल तर दोनदा दाबा, असं सांगितल्यावर त्यातल्या काहींनी दोनदा दाबला. आणि अशा प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसतं ते हे, की उठल्यावर त्यांना यातलं काहीही आठवत नाही. ते सांगतात, छान झोप लागली होती.

याचा अर्थ दवाखान्यात जाताना घाबरावं असा मुळीच नाही. ऑपरेशन चालू असताना जागं झाल्याची आठवण घेऊन उठणारे लोक फार थोडे असतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत, २०१४ च्या अहवालानुसार, साधारण १९ हजार पूर्ण भुलींमागे अशी एक तक्रार नोंदवली गेली. पण तो दाबलेला हात माझ्या मनातून जात नाही. त्या क्षणी तिथे कुणीतरी होतं. त्यानं ऐकलं, भाषा समजून घेतली, उत्तर द्यायचं ठरवलं. आणि मग तो कुणीतरी, त्याची कोणतीही खूण मागे न ठेवता, संपला. जी वेदना कुणालाच आठवत नाही, ती झाली होती का? मला वाटतं, झाली होती. ज्याला झाली, त्याच्यासाठी ती त्या क्षणी पूर्ण खरी होती. नंतर उठणाऱ्याला तिचा पत्ता नसल्यानं ती खोटी ठरत नाही. माझ्या ओळखीतल्या काही डॉक्टरांना हे पटत नाही. त्यांच्या मते अनुभव म्हणजे पुढे उरतो तो, बाकी शरीराच्या हालचाली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात चालावा असा हा वाद ऑपरेशन थिएटरमध्ये, खऱ्या माणसाच्या शेजारी चालू आहे आणि निकाली लागलेला नाही. तोवर चांगला भूलतज्ज्ञ सावध बाजू धरतो: वेदनाशामक वेगळं आणि पुरेसं देतो. रोगी झोपलेला असो नसो, दुखू नये एवढी काळजी त्याच्या हातात असते.

मेंदूच्या आत काय घडतं, याचं चित्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरंच उजळलं आहे. अपस्माराच्या काही रोग्यांच्या मेंदूत उपचारासाठी सूक्ष्म तारा बसवलेल्या असतात. त्यांना प्रोपोफॉल देताना एकेका चेतापेशीचं बोलणं टिपता आलं. बहुतेकांची अपेक्षा होती की पेशी गप्प होतील. त्या गप्प झाल्या नाहीत. मंद लाटा उठू लागल्या आणि प्रत्येक लाटेच्या एका छोट्या टप्प्यातच पेशी बोलू लागल्या. पण मेंदूच्या एका भागाची वेळ आणि दुसऱ्या भागाची वेळ जुळेना. एकत्र कुटुंबातले सगळे बोलत आहेत, पण ज्या घटकेला एक बोलतो त्या घटकेला दुसऱ्याचे कान बंद, असं काहीतरी. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो, ध्वनीच्या पहिल्या केंद्रात त्याची नोंदही होते. पुढे मात्र तो कुणाला सांगितला जात नाही.

ही कल्पना तपासायला इटलीतल्या मिलानमधल्या मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या गटानं डोक्याबाहेरून चुंबकीय धक्का देऊन मेंदूचा पडसाद ऐकायचं ठरवलं. जागेपणी पडसाद दूरवर, गुंतागुंतीच्या वाटांनी पसरतो. गाढ झोपेत आणि प्रोपोफॉलच्या अमलाखाली तो जिथे उठला तिथेच विरतो, किंवा सगळीकडे एकसारखा, साधा पसरतो. या गुंतागुंतीला त्यांनी एक आकडा दिला. २०१५ च्या त्यांच्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना तीन वेगवेगळी औषधं दिली. बाहेरून पाहता तिन्ही गट सारखे: हाक मारली तर उत्तर नाही. प्रोपोफॉल आणि झेनॉन घेतलेल्यांचा आकडा घसरला आणि उठल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. केटामाइन घेतलेल्यांचा आकडा मात्र जागेपणासारखाच उंच राहिला. उठल्यावर त्यांनी लांबलचक, ठसठशीत स्वप्नं सांगितली. बाहेरून रिकामं दिसणारं माणूस आत कुठेतरी भटकत होतं, आणि आकड्याला ते कळलं होतं.

साध्या झोपेतून उठल्यावर आपल्याला काळ सरल्याचा अंदाज असतो. पूर्ण भुलीतून उठणारे लोक हमखास विचारतात, ऑपरेशन कधी करणार? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी याचा एक तुकडा मधमाश्यांवर तपासला. मधमाशी सूर्य पाहून दिशा ठरवते, आणि सूर्य सरकत असल्यानं तिला आतलं घड्याळ लागतं. मधमाश्यांना दिवसा ६ तास भूल देऊन सोडलं, तेव्हा त्या चुकीच्या दिशेनं उडाल्या. किती चुकीच्या, तेही मोजता आलं. त्यांचं घड्याळ काही तास मागे पडलं होतं आणि त्या मागे पडलेल्या वेळेनुसार त्यांनी सूर्य वाचला होता. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर कित्येक दिवस रात्री झोप न लागण्याचं आणि दिवसा गुंगी येण्याचं एक कारण इथे असू शकतं.

हे सगळं माहीत नसताना भूल सुरक्षित कशी झाली? याचं उत्तर मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं, म्हणून थोडं मागे जातो. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाचं नख काढायचं होतं. क्लोरोफॉर्म दिला आणि ती काही मिनिटांत गेली. असे मृत्यू होत राहिले. क्लोरोफॉर्म हृदय थांबवतो की श्वास, यावर वाद पेटला. तो आपल्या दारात आला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा ठाम विश्वास होता की हृदयाला धोका नाही, श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे झालं. निजामाच्या खर्चानं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि आयोगानं लॉरींचीच बाजू धरली. निष्कर्ष जगभर गेला, आणि तो चूक होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदय अचानक थरथरून थांबू शकतं.

त्याच हैदराबादेत, त्याच काळात, लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी नावाच्या पारशी तरुणीनं क्लोरोफॉर्म देण्याचं काम हाती घेतलं. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव आज घेतात. पुढे त्या एडिंबरोलाही शिकायला गेल्या. आपल्या वैद्यकाच्या इतिहासात त्यांना याहून मोठी जागा मिळायला हवी.

मला माहीत आहे असं आयोगानं ठरवलं, तिथे धोका वाढला. मला माहीत नाही असं ज्यांनी मानलं, ते रोग्याजवळ बसून राहिले. आजही सर्जन मध्ये बाहेर जाऊन येऊ शकतो, भूलतज्ज्ञ रोग्याला सोडून जात नाही. नाडी, रक्तदाब, बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, आणि १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलेल्या तत्त्वावर चालणारा बोटाचा चिमटा, जो रक्तातला प्राणवायू सांगतो. कोविडच्या दिवसांत तोच चिमटा घराघरांत आला. ही सगळी साधनं एकच काम करतात: आत नेमकं काय झालं हे माहीत नसलं तरी देह परतीच्या वाटेवर आहे ना, हे क्षणोक्षणी पाहत राहतात. निरोगी माणसाला पूर्ण भूल देणं आज अत्यंत सुरक्षित आहे ते या पहाऱ्यामुळे.

मेंदूचा पडसाद ऐकणाऱ्या मिलानच्या गटानं तोच चुंबकीय धक्का आणि तोच आकडा पुढे वेगळ्या खाटांकडे नेला. अपघातानंतर किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यावर जे लोक महिनोन्‌महिने डोळे उघडे ठेवून पडलेले असतात आणि कशालाच प्रतिसाद देत नाहीत, त्यांच्याकडे. घरचे विचारतात, याला कळतं का हो काही? डॉक्टर तपासून सांगतात, खूण दिसत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे ४३ रोगी होते. त्यातल्या ९ जणांचा आकडा जाग्या माणसाच्या मर्यादेत आला.